दोन फूट कमी तीन हजार

रामदासपेठ, तिसरा माळा, लिफ्ट बंद.
टेपचं एक टोक शालिकच्या अंगठ्याखाली,
दुसरं माझ्याकडे.
"बेचाळीस," तो ओरडतो, "अठ्ठावीस."
उंची दहा. चारी भिंती चौदाशे फूट.
चार खिडक्या वजा, दोन दारं वजा,
उरले बाराशे बासष्ट.
छत दोन्हीकडचं मिळून बाराशे शहाण्णव.
केबिन चारशे चाळीस, तिचं दार मी सोडून दिलं,
म्हणजे धरलं.
चौकटीच्या काठानं ब्रश सांभाळत न्यायला
सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो,
हे गिऱ्हाइकाला सांगत बसत नाही.

बोधनकर मॅडम मोबाइलवर रंग दाखवतात.
कानाची मशीन विकणारी कंपनी आहे त्यांची.
समोर गडद निळा, बाकी सगळं हस्तिदंती.
"निळ्याले तीन हात लागतीन मॅडम,
दोन हातांत तो खालचं सांगून टाकते."

बोटानं भिंत वाजवत जातो.
पोकळ बोलली की खडूनं गोल.
पाच गोल झाले.
मे महिना, पुट्टी पात्यावरच आळते,
भिंतीवर पाणी मारलं तर पिऊन पुन्हा मागते.
दिवसा फर्निचरवाले, म्हणून आपलं काम रात्री:
फुटामागे तीन रुपये वेगळे,
पोरांचा चहा त्यातच.

मग दाराजवळची भिंत.
जमिनीपासून साडेतीन फुटांवर
ओळीनं सात डाग, तेलकट, बशीएवढे.
"हे काय होय भाऊ?"
डोकी.

इथं बाक होता. इथं पतसंस्था होती.
निनावे नावाचा पोरगा रोज साइटवर यायचा,
दिवसाचे पन्नास, पिवळ्या कार्डावर सही.
सहाशे ऐंशी दिवस. गुणाकार मला येतो.
मग एका सोमवारी शटर अर्धं,
आणि आम्ही बाकावर.
उजवीकडून तिसरा मी असेन,
किंवा मी उठल्यावर टेकलेला
इतवारीतला तो हळदवाला.
बायांचे डाग नाहीत.
त्या पुढं वाकून बसायच्या, पिशवी मांडीवर धरून.
एक डाग बराच खाली आहे.
तो कोणाचा, आठवत नाही.

तेलावर साधा प्रायमर टिकत नाही.
वरून कितीही पांढरं फासा,
महिन्याभरात डोकं वर काढतं.
आधी सोड्यानं धुणं, मग पॉलिश पेपर,
मग तेलाचा प्रायमर.
चौदा फूट बाय दोन. अठ्ठावीस.
बाजारभाव आठ रुपये.
दोनशे चोवीस.

चौतीस हजारांपैकी दोनशे चोवीस
वसूल करायला निघालेला माणूस
कसा दिसतो ते खिडकीच्या काचेत पाहिलं.
काचेवर धूळ होती.

"इथेच वेटिंगचे सोफे येतील," मॅडम म्हणाल्या.
म्हणजे पुन्हा माणसं टेकणार
नावाची हाक येईपर्यंत,
ज्यांना हाक ऐकू येत नाही अशी माणसं.
म्हटलं, चार फुटांपर्यंत धुता येणारा रंग घ्या.
त्यांनी मान डोलावली, लिहून काही घेतलं नाही.

रात्री कूलरसमोर कागद दाबून धरत बेरीज केली.
दोन हजार नऊशे अठ्ठ्याण्णव फूट,
मटेरियल-मजुरी बावीस, रात्रीचे तीन,
चौऱ्याहत्तर हजार नऊशे पन्नास.
"तीन हजार फूट करून टाक ना भाऊ,
कोण मोजून ऱ्हायलं?"
"मी मोजून ऱ्हायलो."
तेलाचे दोनशे चोवीस सगळ्यात खाली,
वेगळ्या ओळीत.
फोटो काढून पाठवला. दोन खुणा, निळ्या झाल्या.

सकाळी उत्तर आलं:
"रेट ठीक. शेवटची ओळ कशाची आहे?
ती काढता येईल का?"